चेहऱ्यावरून मन ओळखताना

सुमारे वीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. मी तेव्हा एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. पावसाळ्याचे दिवस होते. एका मातेचा दफनविधी आटोपला, लोकांनी मूठमूठ माती टाकली आणि रिवाजाप्रमाणे सांत्वनासाठी कुटुंबीयांपुढे रांग लागली. थोरला मुलगा पंचविशीचा होता. येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेताना तो हसत होता. अगदी दात दिसावेत असे हसत होता. मागे उभ्या असलेल्या दोन स्त्रिया कुजबुजल्या, "आई गेली तरी याला काही आहे का बघा!" मलाही ते खटकले. त्याला बाजूला घेऊन, निदान आजच्या दिवशी तरी थोडे गांभीर्य ठेव, असे मी सुनावले. त्याने मान खाली घातली. परंतु ओठांवरचे ते हसू काही गेले नाही. त्यानंतर कितीतरी महिने तो मिस्सेला दिसला नाही.

त्याच्याविषयी पुढे लिहिणार आहे. तूर्त एवढेच सांगतो की माझी चूक मला बऱ्याच उशिरा कळली आणि ती कळल्यानंतरच मी या विषयावरील साहित्य शोधून वाचू लागलो. माणसाचा चेहरा पाहून त्याचे मन ओळखता येते, असे आपण सारेच गृहीत धरतो. 'तोंडावरूनच कळतं' हे वाक्य आपल्या घराघरांत दिवसातून दहादा उच्चारले जाते. गेल्या दीडशे वर्षांत शास्त्रज्ञांनी हे गृहीतक पुष्कळ कसोट्यांवर घासून पाहिले आहे. त्यातून जे निष्पन्न झाले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

विजेच्या तारा आणि डार्विनची कबुली

पॅरिस येथील डॉक्टर दुशेन द बुलोन यांनी १८६२ साली एक विलक्षण ग्रंथ प्रसिद्ध केला. चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य प्रवाह देऊन तो आकुंचन पावला की मुद्रा कशी पालटते, याची छायाचित्रे त्यांनी काढली होती. त्यांच्या प्रयोगाला बसलेल्या एका वृद्धाच्या चेहऱ्याची संवेदना आजाराने जवळजवळ नाहीशी झालेली होती, त्यामुळे त्याला वेदना होत नव्हत्या. हसताना दोन स्नायू काम करतात, असे दुशेन यांना आढळले. ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायू आपल्या इच्छेप्रमाणे चालतो. परंतु डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय हलत नाही, असे त्यांचे मत होते. आजही 'खरे हसू डोळ्यांत दिसते' असे जे म्हटले जाते, त्याला त्यांच्या या मताचा मोठा आधार आहे. अलीकडच्या संशोधनात मात्र असे दिसून आले आहे की बरीच माणसे डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसह हुबेहूब हसू ठरवून आणू शकतात. तेव्हा ही खूणही निर्णायक नव्हे.

हीच छायाचित्रे चार्ल्स डार्विन यांच्या हाती आली. माणसांच्या व प्राण्यांच्या भावदर्शनावरील त्यांचा ग्रंथ १८७२ साली निघाला. दुशेन यांची काही छायाचित्रे त्यांनी वीसहून अधिक सुशिक्षित माणसांना कोणताही खुलासा न करता दाखवली आणि यात कोणती भावना दिसते, असे विचारले. काही चित्रांबाबत सर्वांचे एकमत झाले, तर काहींबाबत प्रत्येकाने निराळेच उत्तर दिले. यापुढची डार्विन यांची प्रांजळ कबुली मला फार मोलाची वाटते. आपण स्वतः ही छायाचित्रे प्रथम पाहिली ती मजकुरासह, म्हणून जवळजवळ सगळी खरी वाटली. मजकूर नसता तर आपणही इतरांइतकेच गोंधळलो असतो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. चित्राखालची ओळ वाचली की चेहरा 'स्पष्ट' होतो. पुढच्या शतकातील अर्ध्याअधिक वादाचे बीज या एका कबुलीत आहे.

डार्विन यांनी जगभरातील मिशनऱ्यांना, अधिकाऱ्यांना आणि वसाहतवाल्यांना प्रश्नावलीही पाठवली होती. त्यांना छत्तीस उत्तरे आली. त्यांत आपल्या प्रांतातीलही एक आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, राहणाऱ्या अर्स्किन नावाच्या गृहस्थांनी तेथील रहिवाशांच्या चेहऱ्यांचे निरीक्षण केले. पण खात्रीचा निष्कर्ष काढणे त्यांना अवघड गेले. कारण युरोपियन माणसासमोर ही माणसे आपल्या सर्व भावना झाकून ठेवत. साहेब समोर उभा असताना रयतेच्या तोंडावर काय दिसणार? चेहरा कोणापुढे आहे, यावर तो काय दाखवील हे अवलंबून असते, याची नोंद आपल्याच मातीतून १५० वर्षांपूर्वी लंडनला पोहोचली होती.

सहा भावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयावर सर्वाधिक प्रभाव पडला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांचा. १९६७-६८ मध्ये ते पापुआ न्यू गिनी येथील डोंगराळ भागातील फोरे जमातीत गेले. ही माणसे चित्रपट आणि नियतकालिके यांपासून दूर राहिलेली होती. एकमन व त्यांचे सहकारी त्यांना एक छोटी गोष्ट सांगत, जसे की 'याचे मूल मरण पावले आहे', आणि समोर ठेवलेल्या छायाचित्रांपैकी कोणते या गोष्टीला जुळते, असे विचारत. बहुतेकांनी अपेक्षित चित्रावर बोट ठेवले. भीती आणि आश्चर्य यांच्या बाबतीत मात्र मोठ्यांचा घोटाळा झाला. या अभ्यासावरून आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य या सहा भावनांच्या मुद्रा सर्व मानवजातीत समान आहेत, असा सिद्धांत रूढ झाला. शाळेच्या भिंतीवर चिकटवलेले सहा चेहऱ्यांचे तक्ते आपण पाहिले असतील. त्यांचा उगम येथे आहे.

या सिद्धांतात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाट्यशास्त्रातील परंपरेप्रमाणे केलेल्या दहा भावमुद्रा भारतातील व अमेरिकेतील लोकांना दाखवल्या गेल्या, तेव्हा दोन्हीकडच्या लोकांना त्या बऱ्याच प्रमाणात ओळखता आल्या. आपले नृत्य कधीही न पाहिलेल्या माणसाला ते समजते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु उत्तरांची यादी पुढे ठेवून त्यांतून एक निवडायला सांगणे आणि 'याला काय वाटत असेल?' असे मोकळेपणी विचारणे, यांत फरक आहे. जेम्स रसेल या अभ्यासकाने १९९४ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले. पुढे नामिबियातील हिंबा जमातीच्या लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रे देऊन, सारखे वाटणारे एकत्र ठेवा, असे सांगण्यात आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी केलेले ढीग सहा भावनांच्या तक्त्याशी जुळले नाहीत. त्याहून लक्षणीय निष्कर्ष पापुआ न्यू गिनीतीलच ट्रोब्रियंड बेटांवरून २०१६ साली आला. डोळे विस्फारलेला, तोंड उघडे असलेला जो चेहरा आपण भीतीचा समजतो, तो तेथील मुलांना धमकावणाऱ्याचा वाटला. एकाला घाबरलेला दिसतो तोच दुसऱ्याला घाबरवणारा!

२०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक शोधनिबंध तपासून एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. या पाच जणांची आधीची मते एकसारखी नव्हती, हे विशेष. निष्कर्ष थोडक्यात असा की रागावलेली माणसे कपाळाला आठ्या घालतात हे खरे. पण बहुतेक वेळा ती दुसरेच काही तरी करतात. कोणी गप्प होतो, कोणी हसतो, कोणाच्या डोळ्यांत पाणी येते. उलट, कपाळावर आठ्या असलेला माणूस रागावलेलाच असतो असे नाही. तो हिशेब करत असेल, उन्हाने त्याचे डोळे दिपले असतील किंवा त्याच्या पोटात दुखत असेल. प्रवचनाच्या वेळी पहिल्या बाकावर आठ्या घालून बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांची मला कित्येक वर्षे धास्ती वाटत असे. त्यांना ऐकायला कमी येत होते आणि शब्द निसटू नयेत म्हणून ते सारा जीव एकवटून ऐकत होते.

भोवतालचे काय?

मग आपण रोजच्या व्यवहारात एकमेकांना ओळखतो तरी कसे? कारण ओळखतो, आणि पुष्कळदा अचूक ओळखतो. याचे उत्तर असे की आपण केवळ चेहरा कधीच वाचत नाही. प्रसंग, शरीराची ठेवण, आवाज, शेजारी उभी असलेली माणसे आणि त्या माणसाविषयी आपल्याला आधीच असलेली माहिती हे सारे एकत्र वाचून आपण निर्णय करतो. श्रेय मात्र एकट्या चेहऱ्याला देतो.

चित्रपटाच्या इतिहासात याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. १९२०च्या सुमारास रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांनी मोझुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य निरनिराळ्या दृश्यांना जोडले. त्यांचे सहकारी पुदोवकिन यांनी दिलेल्या वृत्तांतानुसार, चेहऱ्यानंतर सूपाचे ताट दाखवले तेव्हा प्रेक्षकांना त्यावर विचारमग्नता दिसली, शवपेटी दाखवली तेव्हा खोल दुःख दिसले आणि खेळणारे मूल दाखवले तेव्हा कौतुकाचे स्मित दिसले. चेहरा तिन्ही वेळा तोच होता. मूळ चित्रफीत आज उपलब्ध नाही आणि अलीकडे हा प्रयोग पुन्हा करणाऱ्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. म्हणून त्याच्यावर फार भार टाकू नये.

इस्राएलमधील संशोधक हिलेल अविएझर यांचे प्रयोग अधिक काटेकोर आहेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी किळस आलेल्या एकाच चेहऱ्याचे छायाचित्र वेगवेगळ्या शरीरांवर बसवले. हातात घाणेरडा कपडा धरलेल्या शरीरावर लोकांना त्यात किळस दिसली. मूठ उगारलेल्या शरीरावर तोच चेहरा रागाचा वाटला. डोळ्यांच्या हालचाली मोजल्या तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. प्रसंग रागाचा असला की पाहणाऱ्याची नजर चेहऱ्याच्या डोळ्यांवर अधिक वेळ राहते, किळसेचा असला की डोळे आणि तोंड यांवर सारखी फिरते. म्हणजे आधी चेहरा पाहून मग प्रसंगाची भर घातली जाते असे नव्हे. चेहऱ्यावर कोठे पाहायचे, हेच प्रसंग ठरवतो.

त्यांचा २०१२ सालचा अभ्यास तर टेनिसपटूंवर आहे. अटीतटीचा गुण जिंकलेल्या आणि गमावलेल्या खेळाडूंची छायाचित्रे घेतली गेली. नुसता चेहरा दाखवला तेव्हा कोण जिंकला आणि कोण हरला, हे लोकांना सांगता येईना. चेहरा झाकून नुसते शरीर दाखवले तेव्हा मात्र ते सहज ओळखता आले. चेहरे व शरीरे यांची अदलाबदल केली तेव्हा उत्तरे शरीराच्या बाजूने गेली. आणि संपूर्ण छायाचित्र पाहिलेल्यांना, कशावरून ओळखले, असे विचारले तेव्हा बहुतेकांनी चेहऱ्याचेच नाव घेतले! आत्यंतिक आनंद आणि आत्यंतिक वेदना यांच्या टोकाला मुद्रा जवळजवळ एकच होते. लग्नात मुलीची पाठवणी करणाऱ्या बापाचे आणि दफनविधीच्या वेळच्या बापाचे छायाचित्र, भोवतालचे सारे कापून टाकून, शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

हे पाश्चात्य प्रयोगशाळांना आता कळले. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने मात्र त्याची मांडणी फार पूर्वी करून ठेवली आहे. त्यात बाह्य चिन्हांना अनुभाव म्हटले आहे आणि भावना ज्यामुळे जागी होते त्या कारणांना व परिस्थितीला विभाव. विभाव, अनुभाव आणि येऊन-जाऊन असणारे व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने रस निर्माण होतो. एकट्या अनुभावाने नव्हे. अश्रूंविषयी बोलताना भरतमुनी आनंद, शोक, भीती यांच्या बरोबरीने धूर, डोळ्यांत घातलेले अंजन, जांभई आणि थंडीदेखील सांगतात. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या डोळ्यांतील पाण्याचा अर्थ चूल पाहिल्याशिवाय लावू नये, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

संदर्भही फसवतो

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की भोवताल नीट पाहिला म्हणजे झाले. तसे नाही. पवित्र शास्त्रातील शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील हन्नाची कथा आपण ऐकलेली आहे. अपत्य नसल्याने व्याकूळ झालेली ही स्त्री शिलो येथील मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करते. तिचे ओठ हलतात, आवाज येत नाही. याजक एली दाराशी बसून तिच्या तोंडाकडे निरखून पाहतो आणि ही मद्य प्यायली आहे, असे ठरवून तिची कानउघाडणी करतो. उत्सवाचे दिवस होते, लोक नुकतेच खाऊनपिऊन उठले होते. एलीने भोवताल पाहिलाच होता, आणि त्यामुळेच तो चुकला. धर्मसेवकाच्या हातून झालेली ही चूक असल्याने मी ती वारंवार वाचतो. एलीचे एक मात्र मान्य केले पाहिजे: तिने उत्तर दिल्यावर त्याने ते ऐकून घेतले आणि आपले बोलणे मागे घेऊन तिला आशीर्वाद दिला. मी दफनभूमीत तेवढेही थांबलो नव्हतो.

संदर्भ केवळ समोर नसतो, तो पाहणाऱ्याच्या डोक्यातही असतो. २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, कृष्णवर्णीयांविषयी ज्या गोऱ्यांच्या मनात सुप्त पूर्वग्रह अधिक होता, त्यांना पालटत्या कृष्णवर्णीय चेहऱ्यावरचा राग अधिक लवकर दिसला आणि तो अधिक वेळ टिकून राहिल्यासारखा वाटला. गोऱ्या चेहऱ्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. आपल्याकडे असा प्रयोग सासू-सुनांवर, भाडेकरू-घरमालकांवर किंवा दोन गावांच्या सीमेवरील माणसांवर करून पाहायला हरकत नाही.

खोटे बोलणारा चेहऱ्यावरून पकडता येतो, या समजुतीचेही असेच आहे. २००६ साली बॉन्ड आणि डेपॉलो यांनी २४ हजारांहून अधिक व्यक्तींनी केलेल्या पारखीचे निष्कर्ष एकत्र केले. खरे-खोटे ओळखण्याचे सरासरी प्रमाण १०० पैकी ५४ भरले. नाणे उडवले तरी ५० येतात.

येथे मला पापनिवेदनाच्या जाळीची आठवण होते. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमियो यांनी धर्मगुरू आणि पापनिवेदन करणारी व्यक्ती यांच्यामध्ये जाळी असावी, असा नियम घातला. त्याचा हेतू निराळा होता. परंतु त्या जाळीआड बसून मी जेवढे समजून घेऊ शकलो, तेवढे समोरासमोर बसून नेहमीच घेता आले नाही, असा माझा अनुभव आहे. मायकेल क्राउस यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाच प्रयोगांच्या मालिकेत, ज्यांनी केवळ आवाज ऐकला त्यांना दुसऱ्याची भावना, चेहरा व आवाज दोन्ही मिळालेल्यांपेक्षा अधिक अचूक ओळखता आली. लक्ष विभागले जात नाही, हे एक कारण असावे. चेहऱ्याला आपण सवयीने आवर घालतो, आवाजाला तितका घालत नाही, हे दुसरे.

यंत्रांविषयी थोडेच लिहितो. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराचा, वर्गात विद्यार्थ्याचा चेहरा टिपून त्याच्या भावना सांगणारी संगणकीय साधने बाजारात आली. त्यांतील बरीचशी सहा भावनांच्या त्याच तक्त्यावर उभी आहेत. मायक्रोसॉफ्टने २०२२ साली आपल्या सेवेतून चेहऱ्यावरून भावना सांगण्याची सोय काढून घेण्याचे जाहीर केले. युरोपीय संघात २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत अशा यंत्रणांना मनाई आहे. वैद्यकीय व सुरक्षेची कारणे तेवढी अपवाद आहेत.

ज्यांचा चेहरा बोलत नाही

आपल्या घरांतून दिसणारी एक गोष्ट मात्र अधिक विस्ताराने सांगायला हवी. पार्किन्सनच्या आजारात मेंदूतील डोपामिन कमी होते आणि आपोआप घडणाऱ्या हालचाली मंदावतात. हात कापतो तो सर्वांना दिसतो. पण पापण्यांची उघडझाप कमी होते, हसू उमटत नाही, चेहरा मुखवट्यासारखा होतो, हे आजाराचे लक्षण आहे, असे पुष्कळांना ठाऊक नसते. आवाजही बारीक व एकसुरी होतो, म्हणून जाळीचा उपायही येथे चालत नाही. आतमध्ये भावना असतातच. नातू धावत येतो, आजोबांना आनंद होतो आणि चेहरा जसाच्या तसा राहतो. मूल हिरमुसते. सून म्हणते, पपांना हल्ली कशाचेच काही वाटत नाही. रुग्णांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी घरोघर जाताना हे वाक्य मी किमान चार घरांत ऐकले आहे. एका घरात मात्र आजीने स्वतःच तोडगा काढला होता. ती दर वेळी विचारी, "चहा बरा झालाय का? खूश आहात ना?" आणि ते तिच्या तळहातावर बोटाने दोनदा टकटक करीत. चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्यांच्या बाबतीतही हेच घडते. स्वमग्न मुलांच्या मुद्रा इतरांना कळत नाहीत आणि इतरांच्या त्यांना कळत नाहीत, तेव्हा उद्धटपणाचा शिक्का बसतो तो त्या मुलांवरच.

आता त्या तरुणाविषयी. आठ-नऊ वर्षांनी एका लग्नाच्या मांडवात त्याची बहीण मला भेटली. बोलता बोलता मी तो प्रसंग काढला, तेव्हा ती म्हणाली, "फादर, तो लहानपणापासून तसाच आहे. घाबरला, रडू आलं, की त्याला हसू फुटतं. शाळेत छड्या खातानाही हसायचा आणि म्हणून आणखी छड्या खायचा. आई गेली त्या रात्री तो घरामागे जाऊन ओकत होता."

मी त्याचा पत्ता मागून घेतला आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडले. मला पाहताच त्याच्या चेहऱ्यावर तेच हसू उमटले. मी हात पुढे केला. त्याचा तळवा घामाने भिजला होता.